साळवी मास्तरांच्या खुणा

महाडच्या आमच्या पेठेत उंदीर मारणारे सगळेच होते. उंदीर पोसणारे एकटे साळवी मास्तर. आणि पोसायचे तेही माझ्या दुकानातल्या खोबऱ्यावर. माझं किराण्याचं दुकान, मास्तरांचं घर बरोबर समोर. तांदळाच्या गोणीला नवं भोक पडलं की मी पिंजरा लावायचा, उंदीर सापडला की मास्तरांनी रस्ता ओलांडून यायचं आणि म्हणायचं, "शेठ, मारू नका. मला द्या. आणि थोडं खोबरंही बांधा." माझ्या गोण्या फोडणाऱ्याला वर माझंच खोबरं. याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

मास्तर हायस्कुलात शास्त्र शिकवायचे. अंगानं काटकुळे, डोक्यावर काळी टोपी, कोटाच्या खिशात खडूचा भुगा. चहाच्या खोक्यांच्या फळ्या ठोकून त्यांनी ओटीवर एक चक्रव्यूह केला होता. त्यात बोळ, वळणं, शेवटी एका कोपऱ्यात खोबरं. उंदीर सोडायचा आणि समोर पाटावर बसून बघत राहायचं. उंदीर आधी प्रत्येक फळीवर नाक आपटायचा, आठवड्याभरात सरळ खोबऱ्यावर जायचा. तो असा शहाणा झाला की मास्तर उठून भिंतीवरची छत्री या खुंटीवरून त्या खुंटीवर टांगायचे. बोळ तेच, खोबरं तिथंच, तरी उंदीर चुकायचा.

"बघितलंत? तो बोळ पाठ करत नाही, खुणा पाठ करतो. छत्री हलली की त्याचं गाव हललं." मग टोपी वर करून कानाच्या वर बोट ठोकायचे. नकाशा इथं असतो म्हणे, मेंदूत, कानाच्या आतल्या अंगाला, खोल. परदेशातल्या शास्त्रज्ञांनी उंदराचा तेवढाच तुकडा काढून पाहिला होता. उंदीर चालतो, खातो, पण शिकलेली वाट त्याला सापडत नाही. हे मास्तर कुठल्याशा इंग्रजी मासिकात वाचायचे आणि मला गिऱ्हाइकीच्या ऐन वेळेला ऐकवायचे.

बरं, ऐकवून थांबावं. एकदा श्रावणात, माझ्या काउंटरवर, त्यांनी पानाचा पुडा सोडला, आणि आत बकऱ्याचा भेजा. तो तुकडा मला दाखवायला खाटकाकडून आणलेला. आमच्या घरात श्रावणात कांदासुद्धा चिरत नाहीत. मी तागडी तीनदा धुतली आणि आठवडाभर मास्तरांशी बोललो नाही. त्यांना ते कळलंसुद्धा नाही.

वर माझ्याच चुका काढायच्या. तुम्ही गुळाची ढेप रोज जागा बदलून ठेवता, म्हणून बिचारा गोंधळतो आणि तांदळात शिरतो. म्हणजे चूक उंदराची नाही, माझी. दुकानाबाहेरच्या घासलेटच्या निळ्या पिंपावर तर त्यांचा फारच डोळा. "पिंप रोज एकाच जागी ठेवत चला, शेठ." का, ते सांगायचं नाही. दुकान माझं, पिंप माझं. मी मुद्दाम सरकवायचो.

मास्तरांची बायको, आमची वहिनी, पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या वाडीतली. आधी रोज दुकानात यायची, तांदूळ दाताखाली धरून बघायची, घासाघीस करायची. एका वर्षी मोठा ताप आला, मास्तरांनी मुंबईला इस्पितळात नेलं, आणि परत आल्यापासून तिचं एकटीनं बाहेर पडणं बंद. निघालीच तर मास्तरांच्या कोटाची बाही धरून. माझ्या बायकोनं हळदीकुंकवाला बोलावलं की दारात मास्तर, आणि ठरलेलं उत्तर : तिचं डोकं दुखतंय. बाई मुंबई बघून आल्या, आता आम्ही कुठले त्यांच्या पंक्तीचे, असं आमच्या घरात ठरून गेलं.

पावसाळ्यात सावित्रीचं पाणी पेठेत शिरतं, त्याचं आम्हाला नवल नाही. पाणी चढायला लागलं की सगळ्यांनी मिळून एकेकाचं सामान माळ्यावर चढवायचं, उतरलं की गाळ काढून ज्याचं त्याला लावून द्यायचं, ही पेठेची रीत. त्यात कोणी कोणाला विचारत बसत नाही. तापाच्या पुढच्या वर्षी पाणी यायच्या आधीच मास्तर वहिनीला घेऊन तिच्या माहेरी निघाले. एका हातात बायको, दुसऱ्या हातात पिंजरा. एस.टी.पाशी आमच्या धोंडू हमालानं विचारलंच, "मास्तर, ह्यो उंदीर हाय का जावई?"

पाणी उतरल्यावर आम्ही मास्तरांचं घर असं लावलं की बघत राहावं. चौकटींवर गेरूचे पट्टे ओढले होते, ते खरवडून चुना दिला. स्वयंपाकघराच्या दाराला लाल लुगड्याची चिंधी बांधलेली होती, ती काढून टाकली. कपाट ओल्या भिंतीपासून हलवलं, खाट खिडकीकडे फिरवली. चक्रव्यूह पाण्यानं खिळखिळा झाला होता, तो धोंडूनं चुलीत घातला. मला वाटलं, ब्याद गेली.

मास्तर परतले, उंबऱ्यातून आत बघितलं, आणि भडकले. कोणी हलवलं, कोणाला विचारून हलवलं, अक्कल आहे का तुम्हाला. सगळी पेठ ऐकत होती. माझी कंबर गाळ उपसून मोडलेली, हाताला चुन्यानं फोड आलेले, आणि आभार राहोत, वर ही शोभा. मी तरातरा आत शिरलो. आज सोडायचं नाही, असं ठरवूनच.

माजघरात वहिनी उभी होती. काखेत बोचकं, पायात वहाणा तशाच. परक्याच्या घरात पाहुणा उभा राहतो तशी, अंग चोरून. मला बघून तिनं पदर सारखा केला.

"दादा, ह्ये कुणाचं घर हाय? आमचं घर हितंच कुठंतरी व्हतं."

मी वळून मास्तरांकडे बघितलं. मास्तर खाली उंबऱ्यावर बसले. टोपी काढली, आणि बोट त्याच जागी, कानाच्या वर.

"तापात तिचा हा तुकडा गेला, शेठ. मला ओळखते, भाकरी थापते. चूल कुठं आहे ते तेवढं सापडत नाही. खुणा करून करून सहा महिन्यांत चुलीपर्यंत आणली होती."

तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. चक्रव्यूहातली ती वळणं म्हणजे ओटी, माजघर, परसदार. त्यांचंच घर होतं ते, आणि खोबरं होतं चुलीच्या जागी. कोणती खूण लागते, कोणती नाही, हे मास्तर आधी उंदरावर बघायचे.

माझा राग गेला म्हणाल, तर गेला नाही. वाढला. उंदराचं पुराण सांगायला या माणसाला सवड होती, आणि ही एवढी गोष्ट सांगवली नाही? आम्ही काय परके होतो? मी तसं तोंडावर विचारलं. मास्तर म्हणाले, "सांगितलं असतं तर पेठेनं तिला वेडी म्हटलं असतं." पेठ मला ठाऊक होती.

त्याच दुपारी कपाट पुन्हा ओल्या भिंतीला गेलं. धोंडूनं खाट फिरवली. पट्टे कुठं होते ते मास्तर सांगत गेले आणि मी गेरू लावत गेलो. चिंधी माझ्या बायकोनं बांधली, स्वतःच्या लाल लुगड्याची फाडून.

पुढच्या उन्हाळ्यात एका सकाळी वहिनी एकटी घराबाहेर आली. पायरीवर थांबली, समोर बघितलं, रस्ता ओलांडून सरळ आली आणि माझ्या निळ्या पिंपावर हात ठेवून उभी राहिली. मग म्हणाली, "दादा, थोडं खोबरं द्या." मास्तर ओटीवर उभे होते, वर्तमानपत्र वाचत असल्याचं सोंग करून. वर्तमानपत्र उलटं होतं.

पिंप आता गंजलं आहे. घासलेट मी मागच्या अंगाला ठेवतो, यात काही नसतं. निळा रंग मात्र दर दिवाळीला देतो. रस्त्यात येतं म्हणून गिऱ्हाइकं कुरकुरतात, नगरपालिकेचा माणूस दोनदा सांगून गेला. त्यांना काय जातंय सांगायला? पिंप हलणार नाही. कोणी हात तर लावून बघा.