धुतलेले पेरू

गंगापूरच्या रस्त्याकडेची आपली पेरूची झाडं खंडेराव सकाळपासून धूत होते. विहिरीचं पाणी ओढून आणायचं आणि पान न् पान चोळायचं. त्यांच्या पत्नी सिंधुबाई बांधावर आल्या आणि बघतच राहिल्या.

"सोता कधी एवढे चोळून न्हायले नाय, अन् झाडांना न्हाऊ घालताय?"

"उद्या इनबाई येनार हाय," खंडेराव म्हणाले.

सिंधुबाईंनी पदर खोचला आणि दुसरी बादली उचलली. गेल्या साली लेकीच्या सासूबाई कुसाबाईंनी इथे आल्यावर या झाडांचा घरी तोडून आणलेला पेरू चाखला होता आणि चारचौघांत थुंकला होता. "याला मोटारीचा वास मारतोय," म्हणाल्या. त्यावरून लेकीला सासरी अजून टोमणे खावे लागत होते.

दोष झाडांचा नव्हता. नाशिकहून उतारू घेऊन येणारी रियाजची सर्व्हिस मोटार रोज बांधावर धुरळा आणि काळा धूर ओतून जाई. शेजारच्या मेथीने केव्हाच मान टाकली होती. पेरूने मात्र सगळं अंगावर घेऊन मुकाट्याने फळं धरली. पण झाडाला सोसतं ते विहिणीला सोसेलच असं नाही.

संध्याकाळी खंडेरावांनी रियाजला गाठलं. "रियाजभाई, उद्या माझ्या बांधापाशी मोटार बैलगाडीवानी न्या. धूळ उडाली तं माझी लेक सासरी मान वर करायची नाय."

"बेफिकीर राहा, भाऊ. एकदम धीरे नेतो," रियाजने शब्द दिला.

दुसऱ्या दिवशी खंडेराव गावातल्या पारापाशी मोटारीची वाट बघत उभे राहिले. पेरू झाडावरच ठेवले होते. विहीणबाईंनी हातपाय धुतले की ताजे तोडून आणायचे होते. मोटार आली ती उशिरा. पहिला उतारू पेरू खात उतरला. दुसराही. तिसऱ्याने धोतराच्या सोग्यात बांधले होते. खंडेराव धावत रियाजपाशी गेले.

"रियाजभाई, हे काय?"

रियाजचंही तोंड भरलेलं होतं. "तुमीच बोलले ना, धीरे चलाव? इतके दिवस धुळीमुळे कुणाला पेरू दिसलेच नाही. आज चकाचक दिसले. फांद्या हाताशी, मोटर धीरे. मी किती जणांचे हात धरू?"

खंडेराव काही बोलणार, तोच कुसाबाई उतरल्या. ओटीत पेरू मावत नव्हते.

"इवाई, पेरू असा असतो," त्यांनी एक खंडेरावांच्या हातावर ठेवला. "नायतं तुमचे. खाऊन बघा."

पेरू आपला म्हणावा, तर विहिणीला चोर ठरवल्यासारखं होणार, आणि मग लेकीचं काय होईल ते विचारायलाच नको. खंडेरावांनी पेरू चावला. खरोखर गोड होता.

"कुनाचे असतील हो?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"काय ठावं. पन मानूस येडा असल," कुसाबाई म्हणाल्या. "असं सोन्यावानी फळ रस्त्यावर टाकून कुठं उलथला व्हता कोन जाने."

खंडेरावांनी मान डोलावली आणि उरलेला पेरू तोंडात कोंबला.