गेनभाऊची रडकी गाडी

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साल. मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा होतो. शाळा तिसरीपर्यंत, पण ट्रक चालवला तो जन्मभर, आणि इंजिनाच्या बाबतीत आजवर कोणाच्या बापाचं ऐकलेलं नाही. हे आधीच सांगून ठेवतो. पुढे गेनभाऊबद्दल सांगणार आहे ते ऐकीव आहे, असं कोणी म्हणायला नको.

गेनभाऊ आमच्या येडगावचा, माझ्या भिंतीला भिंत लागून. त्याच्याकडे एक जुनी पांढरी मोटार होती आणि तिच्या डिकीत कायम एक धुतलेलं धोतर असायचं. नेसायचं नव्हे. गाडी कुठेही उभी केली की हा माणूस उतरून, चपला बाजूला काढून, इंजिनाखाली ते धोतर अंथरायचा आणि चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचा. मग ज्या कामाला आला असेल ते काम. निघताना गुडघे टेकून धोतरावर पडलेले ऑइलचे डाग बघायचा. डाग पुढे पडला तर एक दुखणं, मध्ये पडला तर दुसरं, मागे पडला तर तिसरं. डाग नुसता पसरट ओलसर असला की म्हणायचा, "घाम हाय. घाम चालंल." थेंब दिसला की तोंड उतरायचं. "रडतीय राव. रडणं नाय चालायचं."

ओतूरला एका लग्नात मोठी गंमत झाली. जेवणं उरकली, ऊन मी म्हणत होतं. एका वऱ्हाडी पाव्हण्याला गाडीखाली सावली दिसली, सावलीत अंथरलेलं धोतर दिसलं. यजमानांची सोय चांगली आहे असं समजून तो सरळ आत सरकून झोपला. गेनभाऊ परत आला तर धोतरावर माणूस. दुसरा कोणी असता तर शिव्या घातल्या असत्या. यानं त्याला पायाला धरून हळूच ओढून काढला आणि म्हणाला, "पावणं, उठू नका. पालथं व्हा." पाव्हणा झोपेत पालथा झाला. गेनभाऊनं त्याच्या पांढऱ्या सदऱ्याच्या पाठीवर काही दिसत नाही म्हणून त्याला पुन्हा उताणा केला, छातीवरचे डाग बोटानं चाचपले आणि मला हाक मारली, "ड्रायव्हर, बघ रं. कॉलरपाशी दोन थेंब, बेंबीवर एक. म्हंजी ऑइल अडवायचं पुढचं शील गेलं." पाव्हणा जागा झाला तेव्हा आम्ही दोघं त्याच्या बेंबीकडे बघत होतो.

लोक हसायचे. मीही हसायचो. पण त्या साली हसू येईनासं झालं होतं, त्याचं कारण सांगतो.

गेनभाऊची एकुलती एक लेक सुमन. लोणीला दिलेली. पहिल्या खेपेला तिला दिवस गेले तेव्हा सातव्या महिन्यात आणायला गेनभाऊ स्वतः गेला होता. तेव्हा त्याच्याकडे गाडी नव्हती, भाड्याची जीप केली. मंचरच्या अलीकडे ती जीप रस्त्यातच बसली. ऑइल कधीच गळून गेलेलं, ड्रायव्हरला पत्ता नाही, इंजिन जाम. भर उन्हात पोर रस्त्याच्या कडेला बसून राहिली. घरी आली, आणि त्याच आठवड्यात सगळं संपलं. डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं की जीपचा नि याचा काही संबंध नाही, ते व्हायचंच होतं. सुमनला ते पटलं. शांतावहिनीला, म्हणजे गेनभाऊच्या बायकोला, पटलं. गेनभाऊला पटलं नाही. पुढच्या वर्षी त्यानं ही मोटार घेतली आणि धोतर अंथरायला लागला.

त्यानंतर बरीच वर्षं काही नाही. आणि आता दिवाळीच्या आधी लोणीहून निरोप आला. गेनभाऊनं तो निरोप मला सांगितला तो असा: "तिकडचं काम हाय." बाळ, गरोदर, बाळंतपण, यांतला एक शब्द त्यानं तोंडातून काढला नाही. विचारलं की "तिकडचं ठीक हाय," एवढंच.

आणि नेमकी तेव्हापासून गाडी रडायला लागली.

पूर्वी कधी एखादा थेंब पडायचा. आता धोतरावर तळंच व्हायला लागलं. गेनभाऊनं इंजिन रॉकेलनं धुतलं, पुसून कोरडं केलं, आणि ऑइल कुठून येतंय ते दिसावं म्हणून त्यावर शांतावहिनीची तोंडाला लावायची पावडर भुरभुरली. सबंध डबा. गाडी थोडी चालवून आणली की पावडर जिथे भिजेल तिथे गळती, असा हिशोब. हिशोब बरोबर होता. पण बॉनेट उघडलं तर वरच्या झाकणाची कड भिजलेली, खालच्या ऑइलच्या टाकीची कड भिजलेली, ऑइल मोजायच्या गेजच्या काडीचं तोंडसुद्धा भिजलेलं. कोरडं असं काही राहिलंच नव्हतं.

शांतावहिनी दारातून मला म्हणाल्या, "किसनभावजी, विचारा यांना. लग्नापासून मला एक डबा आणला नाय आन त्या इंजिनाला नटवत बसल्यात."

"तुला गळती हाय का?" गेनभाऊ म्हणाला.

"हाय की. डोक्याला."

ओतूरच्या स्टँडजवळ रशीदमिस्त्रीचं गॅरेज होतं. माणूस जुन्नरचा, हात चांगला, जीभ त्याहून तेज. त्यानं वरच्या झाकणाचं पॅकिंग बदललं. वर कोरडं झालं, खाली वाढलं. खालचं पॅकिंग बदललं. मग पुढच्या शीलमधून यायला लागलं. शील बदललं, तर मागून. प्रत्येक वेळी गेनभाऊ इंजिनाच्या बगलेला स्टूल टाकून बसायचा आणि रशीदच्या हाताकडे बघत राहायचा. ऑपरेशनच्या वेळी नातेवाइकाला बाहेर घालवतात ते का, हे मला तिथे कळलं.

"गेनभाऊ," रशीद एकदा पान्हा खाली ठेवून म्हणाला, "गाडीपेक्षा तुमीच जास्त गळताय. घाम पुसा. माझ्या पॅकिंगवर पडतोय."

माघ लागला. सुमनला सातवा सरत आला. आमच्याकडे लेकीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आणायची ती सातव्यात. आठवा लागला की हलवत नाहीत, मग जिथे असेल तिथेच. लोणीच्या मंडळींनी दोनदा विचारलं, आणायला कधी येता? गेनभाऊ सांगायचा, "येतो, गाडी कोरडी झाली की." मी म्हणालो, अरे, दुसरी गाडी भाड्यानं कर. त्यानं माझ्याकडे असं बघितलं की मी विषय सोडून दिला, आणि मी सहसा विषय सोडत नाही.

शेवटी रशीदनं हात टेकले. "इंजिन उतरवावं लागंल. सामान पुण्याहून येणार. महिना धरा."

"महिना?" गेनभाऊ म्हणाला. "महिना कुठंय रशीद?"

मला राग आला. कोणाचा ते सांगता येत नाही. मी म्हटलं, चालू करा गाडी. रशीद म्हणाला, अण्णा, मी बघितलंय. मी म्हटलं, तू बघितलंस, मी नाय बघितलं. चालू कर.

गाडी चालू झाली. जरा रेस केल्यावर गेजची काडी आपली आपण वर सरकली, जशी कोणी आतून ढकलावी. मी ऑइल भरायचं झाकण काढलं आणि भोकावर तळहात ठेवला. आतून असा वारा आला की हात उचलला गेला. इंजिनाला श्वास सोडायला एक नळी असते. बगलेतून निघून खाली उघडते. ती तुंबली की पोटात वारा कोंडतो आणि जिथे फट मिळेल तिथून ऑइल बाहेर ढकलतो. पॅकिंग किती का बदलेनात.

"श्वासाची नळी तुंबलीय," मी म्हटलं.

"मी पयल्याच दिवशी म्हटलं व्हतं," रशीद म्हणाला. "नळी बघू. हे म्हणले, मी सोता तार घालून साफ केलीय, तिला हात लावू नको. मालकाचा शब्द. मी काय बोलणार?"

आम्ही दोघांनी गेनभाऊकडे बघितलं. तो स्टुलावरून उठून नेमका त्या नळीच्या आड उभा होता.

"सरक," मी म्हटलं.

"नाय सरकणार."

"गेनभाऊ, सरक."

"ड्रायव्हर, तुझ्या पाया पडतो. तिला हात लावू नको."

साठ वर्षांत हा माणूस माझ्या पाया पडला नव्हता. मी हात मागे घेतला. तो खाली बसला, आम्हालाही बसायला लावलं, आणि नळीला गुंडाळलेलं फडकं सोडलं. आम्ही तिघं माना वाकड्या करून गाडीखाली बघत होतो. नळीच्या तोंडात माती होती. गोल, गुळगुळीत, बोटांनी लिंपावी तशी. कुंभारीण माशीचं घर.

आमच्या भागात हे सगळ्यांना माहीत आहे. कुंभारणीनं घरात मातीचं घर बांधलं की त्या घरी पाळणा हलतो, आणि ते कोणी मोडत नाही. भिंत सारवताना बायका तेवढी जागा सोडून सारवतात.

"पावसाळाभर गाडी शेडात उभी व्हती," गेनभाऊ हळू आवाजात सांगत होता. "एक दिवस बघतो तर ही बया तोंडात माती घिऊन चालली नळीत. मी तिथंच बसून राह्यलो. आन तिसऱ्या दिशी लोणीहून माणूस आला." माझ्याकडे वळून म्हणाला, "आता तूच सांग, कसं मोडू?"

"आरं, माशी कवाच उडून गेली आसंल. नुसती माती राह्यलीय."

"घर हाय ना."

"आन ते ऱ्हावं म्हणून गाडी लेकीला घिऊन रस्त्यात बसली तर?"

मला वाटतं, हाच प्रश्न तो दिवाळीपासून स्वतःला विचारत होता. घर मोडलं तर एक भीती, नाही मोडलं तर दुसरी. दोन्हींच्या मध्ये स्टूल टाकून बसला होता. घरात सांगायची सोय नव्हती, शांतावहिनी घाबरल्या असत्या. मला सांगितलं असतं तर मी हसलो असतो, असं त्याला वाटलं. हसलोही असतो.

रशीदनं पान्हा फडक्याला पुसला. मला वाटलं आता हा काहीतरी टोमणा मारणार. तो म्हणाला, "माझी आईपण मोडू देत नव्हती. आमच्या चुलीमागं व्हतं एक." मग मान खाजवली. "पण मोडायचं कशाला, मी म्हणतो? नळीला बोल्ट एकच हाय. अख्खी उतरवू. तिच्या जागी दुसरी बसवतो."

गेनभाऊ त्याच्याकडे बघतच राहिला. हे त्याला सुचलं नव्हतं. खरं सांगायचं तर मलाही नव्हतं, पण मी मान अशी हलवली की जणू मी तेच म्हणणार होतो.

रशीदनं बोल्ट सोडला. नळी अलगद खाली घेतली, धक्का न लावता, आणि गेनभाऊच्या ओंजळीत दिली. मग कोपऱ्यातून जुन्या रबरी पाइपाचा एक तुकडा शोधून क्लिप आवळून बसवला. गाडी चालू केली. मी झाकण काढून हात ठेवला. वारा नाही. गेजची काडी जागच्या जागी. आम्ही ओतूरच्या बाहेर एक लांब चक्कर मारून आलो, धोतर अंथरलं, चहा घेतला, परत येऊन बघितलं. गेनभाऊ गुडघ्यावर बसला, चष्मा लावला, मग काढला.

"घाम हाय," तो म्हणाला. "नुसता घाम."

येडगावला येताना मी चालवली. तो बाजूला बसला होता, नळी उपरण्यात गुंडाळून मांडीवर, एक हात खाली, एक वर. खड्डा आला की हात घट्ट. घरी शांतावहिनींनी विचारलं, "आता हे काय आणलं?"

"स्पेर पार्ट हाय," म्हणून त्यानं ती देवघराशेजारच्या फळीवर नेऊन ठेवली. वहिनी माझ्याकडे बघायला लागल्या. मी आभाळाकडे बघितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघायचं होतं. दिवस उगवायला मी टोपी घालून गेलो. गाडी धुतलेली, मागच्या सीटवर गादी, दोन उशा, पाण्याची कळशी. शांतावहिनी नवं लुगडं नेसून मागे बसलेल्या. गेनभाऊ उंबऱ्यात उभा, घरातल्याच कपड्यांवर. त्यानं चावी माझ्या हातात ठेवली.

"तू जा घिऊन. मी नाय येत."

"का?"

"गाडी चांगली झाली. आता काय अडचण नाय."

"मी ‘का’ विचारलं."

तो उंबऱ्याच्या लाकडाकडे बघत राहिला. "मागल्या टायमाला मीच व्हतो तिच्यासंगं," तो म्हणाला. "आवंदा नको." आणि आत गेला. दार लोटून घेतलं.

म्हणजे इतकी वर्षं त्याला जीपचा संशय नव्हता. ऑइलचाही नव्हता.

मला समजावता येत नाही. ते काम शिकलेल्यांचं. मी गाडीत बसलो, दार लावलं आणि हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. डेअरीला दूध घालायला निघालेले लोक कॅन घेऊन थांबले. कुत्री जमली. शांतावहिनी मागून "भावजी, भावजी" करत होत्या. हॉर्नचा आवाज बसायला लागला तसा गेनभाऊ दार उघडून अनवाणी धावत आला.

"येड्या! बॅटरी उतरंल! सोड!"

"बस आधी."

"आरं सोड!"

"बस."

त्यानं बॅटरीकडे बघितलं, म्हणजे बॉनेटकडे. मग लोकांकडे. मग शांतावहिनींकडे. त्या खिडकीतून त्याच्या चपला मागवत होत्या, समोरच्या पोरीनं त्या आणून दिल्या. तो पुढचं दार उघडून माझ्या बाजूला बसला. मी हॉर्न सोडला आणि गाडी लोणीच्या रस्त्याला लावली.