दोनशे चार किलो

गायधनी काका मला पहिल्यांदा भेटले तेव्हा नमस्कार वगैरे काही नाही, नुसतं "बहात्तर" म्हणाले. मखमलाबाद रोडच्या या सोसायटीत मी त्याच दिवशी राहायला आले होते. लिफ्टसमोर चार माणसं उभी, आणि हा सातव्या मजल्यावरचा गृहस्थ मला वरपासून खालपर्यंत बघून मोठ्यांदा माझं वजन सांगतोय. बरं, चुकीचं सांगितलं असतं तर भांडता तरी आलं असतं.

काका ओझरच्या कारखान्यात जन्मभर काट्यावर होते, सुटे भाग तोलायला. नोकरी संपली, तोलणं संपलं नाही. आमच्या जुन्या लिफ्टमध्ये पाटी होती: सहा माणसं, चारशे आठ किलो. काकांनी ती वाचली आणि सगळ्यांच्या डोक्याला ताप झाला. त्यांचं म्हणणं असं, की लिफ्टच्या दोराला पलीकडून लोखंडी वजन टांगलेलं असतं. लिफ्ट बरोबर निम्मी भरली, म्हणजे दोनशे चार किलो झाले, की दोन्ही बाजू सारख्या. मग मोटारीला फारसं काही करावंच लागत नाही. एकटाच माणूस वर निघाला तर पलीकडचं वजन जड होऊन खाली धावतं, आणि त्याला आवरता आवरता सगळी शक्ती वर मशीनरूममध्ये तापून जाते.

"शक्ती मरत नाही ताई," ते म्हणायचे, "पण वाया लय जाते. कुणाच्या कामाला न येता नुसती गरम होऊन बसते."

म्हणून काका खाली थांबायचे आणि दुसऱ्यांनाही थांबवायचे. "दोनशे चार भरू द्या." चौथ्या मजल्यावरच्या वहिनींना त्यांनी चारचौघांत "शहाऐंशी" म्हटलं, तेव्हापासून त्या जिन्यानेच जातात. काका म्हणतात, आता ऐंशीवर आल्यात. द्राक्षांच्या दिवसांत कुणाच्या मळ्यातून क्रेट आला की हे खूश, भरतीला बरा म्हणून.

शेजारी काकू उभ्या असायच्या, मुकाट्याने, पदराने घाम पुसत. काका अडुसष्ट, काकू साठ. एकदा मी मंडईतून आले आणि काकांचे डोळेच चमकले. "अडुसष्ट, साठ, बहात्तर. पिशवीत काय आहे?" दुधीभोपळा आणि बटाटे होते. त्यांनी पिशवी हातात घेऊन जोखली. "चार. चला." वर जाईपर्यंत त्यांनी आम्हाला तोंडातून शब्द काढू दिला नाही, मोटारीचा आवाज ऐकायचा होता ना. काकू माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, "लग्नातसुद्धा एवढे खूश नव्हते हो."

मागच्या उन्हाळ्यात काकू गेल्या. मूलबाळ नाही. तेरावं झालं आणि काका पुन्हा लिफ्टसमोर हजर. आता मात्र थांबणं वाढलं. तीन माणसं आली तरी म्हणायचे, तुम्ही व्हा पुढे. तासतास उभे, हातातली दुधाची पिशवी कोमट होईपर्यंत. तक्रारी माझ्याकडे, कारण सोसायटीची सेक्रेटरी मी. मला ऑफिस, घर, सासूबाईंची औषधं; वैतागून गेले होते. एकदा चिडून म्हटलं, "काका, जा ना वर आता."

"कसं जाणार ताई? साठ कमी पडतात."

मी कपाळाला हात लावला. मला वाटलं, लिफ्टचंच बोलतायत.

दिवाळीनंतर आम्ही नवी लिफ्ट बसवली. बसवणाऱ्याने मला समजावलं, की हलकी लिफ्ट वर जाताना जी शक्ती वाया जायची, तिची आता वीज होऊन परत येते. मला कोण आनंद. काकांचा प्रश्नच मिटला. धावत जाऊन त्यांना सांगितलं.

काकांना ते माझ्याआधी समजलं. "म्हणजे एकटा माणूस वर गेला की फायदा."

"फायदाच फायदा. आता थांबायची गरजच नाही."

"बरं," काका म्हणाले. "मग वर जायलाच पाहिजे."

आणि गेले. त्या दिवसापासून काका खाली थांबत नाहीत. दूध घेऊन येतात, बटण दाबतात, एकटे जातात. "थांबा, मी येते" म्हटलं की, "नको ताई, दोघं गेलो की परत येणारी वीज कमी होते." माझ्याच तोंडाने मी त्यांचं खाली उभं राहणं काढून घेतलं होतं. फार वाईट वाटतं.

परवा संध्याकाळी दार मिटताना मी हात घातला आणि आत शिरले. काकांनी बघितलं. "सत्तर. उतरलात." माझा मजला तिसरा, पण मी बटण दाबलं नाही. सातव्यावर त्यांनी कुलूप काढलं. आत अंधार होता. आत न जाता ते मागे वळले.

"तुम्ही आता एकट्या खाली जाणार. हलकी लिफ्ट खाली जाताना वीज लय खाते. चला, सोडायला येतो."

तिसऱ्यावर मी उतरले. "चहा घेऊन जा काका," म्हटलं. त्यांनी मान हलवली आणि सातचं बटण दाबलं. मी दारासमोर उभी राहून वरचे आकडे बघत होते. चार, पाच, सहा, सात. थोडी वीज परत आली असणार.