शेवटचा हात कुणाचा?

आमच्या शेजारचे नरसय्यामामा बिघडलेल्या यंत्राकडे आधी बघतच नाहीत. जमलेल्या माणसांकडे बघतात आणि विचारतात, "शेवटचा हात कुणाचा?" मिक्सर असो, पंखा असो, माझी स्कूटर असो, प्रश्न तोच. एकदा कुकरची शिट्टी होईना, तेव्हा त्यांनी आमच्या घरातल्या चौघांना ओट्यापाशी उभं केलं होतं. हात माझ्या नवऱ्याचा निघाला.

मामांनी सोलापुरात चाळीस वर्षं चादरींचे माग दुरुस्त केले. त्या खडखडाटात कान गेले. त्यामुळे ते तळहात टेकवून बिघाड ओळखतात, आणि गुपितही अख्ख्या गल्लीला कळेल अशा आवाजात सांगतात.

मी शाळेत विज्ञान शिकवते. शाळेच्या रोबोटच्या खोलीत त्यांना मीच नेलं, एक ड्रिल दुरुस्त करायला. ड्रिल दहा मिनिटांत झालं, मामा दोन वर्षं येत राहिले. सकाळी सातला माझ्याकडून चावी न्यायची, खोली झाडून ठेवायची, मग नववीतल्या तीन मुलींवर ओरडायचं, "आदी हात काढा की पोरींनो, मग बोला." काळ्या रेषेवरून चालणाऱ्या त्यांच्या रोबोटला ते 'गाडी' म्हणत.

यंदा जिल्ह्याची स्पर्धा इथल्याच एका कॉलेजात होती. पहिले तीन संघ पुण्याला जाणार होते. आमच्या शाळेतून आजवर कुणी गेलं नव्हतं. मी एकोणीस कलमांची तपासयादी केली: बॅटरी, सैल स्क्रू, सेन्सरची उंची वगैरे. निघण्यापूर्वी एकोणिसांवर खुणा झाल्या.

पहिल्या फेरीत गाडी दुसऱ्याच वळणावर रेष सोडून घसरत गेली.

शेवटची संधी दहा मिनिटांवर होती. तिघींपैकी श्रावणीनं प्रोग्राम तपासला, दुसरीनं बॅटरी बदलली, मी यादी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली.

"शेवटचा हात कुणाचा?" मामा गरजले.

"माझा," श्रावणी म्हणाली. "काल खोक्यात मीच ठेवली."

"ठेवताना काय केलंस?"

"काही नाही मामा. पुसली फक्त." तिचे डोळे भरून आले होते.

मामांनी गाडी उचलून चालू केली आणि गाडीच्या पोटाला तळहात लावला. "मोटर फिरतीय. चाक फिरतंय. मग रबर का धरंना?" त्यांनी चाकावर बोट फिरवलं, नाकाशी नेलं, आणि ते बोट बराच वेळ तिथंच राहिलं.

"माझा हाय," ते म्हणाले. त्यांना हळू बोलता येत नाही, सगळ्या हॉलनं ऐकलं. "सकाळी तेल घातलं की मी. मागाचं."

माग सुरू करण्याआधी तेल घालायचं, हे त्यांना तोंड धुण्यासारखं होतं. त्याला हात लावणं म्हणतात हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. माझ्या यादीत तेल नव्हतं. चावी तर मीच दिली होती.

मामांनी शर्टाच्या टोकानं चाकं पुसपुसून काढली, पण रबरात तेल मुरलं होतं. गाडी या वेळी शेवटच्या वळणापर्यंत गेली आणि तिथं घसरली. आम्ही चौथे आलो. परतताना मुलींनी डब्यातली शेंगाचटणी मामांपुढे धरली. त्यांनी घेतली नाही.

आठ दिवस ते चावी न्यायला आले नाहीत. नवव्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले. मागच्या पत्र्याच्या खोलीत ते जमिनीवर बसले होते. तिथला त्यांचा माग गेल्या वर्षी भंगारात गेला होता. फरशीत बोल्टची चार भोकं उरली होती, स्वच्छ झाडलेली. खिळ्याला तेलाची बुधली टांगलेली होती, काठोकाठ भरलेली.

"सात वाजले की हात राहत न्हाय, बाई," ते म्हणाले. "पोरींचं लई नुकसान झालं."

मी नवी यादी त्यांच्यापुढे धरली. विसावं कलम श्रावणीच्या अक्षरात होतं: 'सकाळी सात. मामांनी गाडी तपासणे. तेल नको.'

त्यांनी ते दोनदा वाचलं. मी चावी त्यांच्या शेजारी फरशीवर ठेवली. ते तिच्याकडे बघत राहिले. दोन्ही हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले होते.