हायाशीबाईंना दिलेला डबा

प्रवासात होणाऱ्या सगळ्या चुका आधीच घरी करून टाकता येतात, असं माझं ठाम मत होतं. मी रसायनशास्त्रात एम.एस्सी. केलं आहे. आमच्याकडे खरा नमुना हातात घेण्याआधी साध्या पाण्यावर प्रयोग करून पाहायची पद्धत आहे. काच फुटायची असेल तर तेव्हाच फुटते. म्हणून आईपप्पांना जपान दाखवण्याआधी ओमानमध्ये, सीबमधल्या आमच्या फ्लॅटमध्ये जपानची रंगीत तालीम घ्यायची, असं मी ठरवलं. यात बिघडण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नाही. तुम्हालाही वाटलं नसतं.

माझे पप्पा, लहू पवार, समुद्राचं खारं पाणी गोडं करणाऱ्या कारखान्यात इंजिनियर होते. माझ्या जन्माआधीपासून. नोकरी पक्की आहे अशा समजुतीत आम्ही तिघांनी जपानची तिकिटं काढली. आधी क्योटोची जुनी देवळं, नाराचा महाबुद्ध, मग टोकियोच्या गाड्या आणि उंच इमारती. व्हिसाही आला. आणि त्याच आठवड्यात पप्पांना साहेबांनी आत बोलावून सांगितलं की करार पुढे वाढणार नाही. खलास. आता फ्लॅट सोडायचा आणि कायमचं गावी, कोकणात खेडला जायचं.

तेव्हापासून पप्पा बाल्कनीत, एसीच्या बाहेरच्या पंख्याशेजारी बसत. मे महिन्यात, सीबमध्ये. तिथे ओला टॉवेल टाकला तर त्याचा पापड होतो.

"पप्पा, आत बसा ना."

"आत बसून काय करू?"

"बाहेर बसून काय करताय?"

"तेच."

मग एक दिवस त्यांनी जपान रद्द केल्याचं जाहीर केलं. महिनाअखेरपर्यंत तिकिटं परत करता येतात, हे त्यांनी विचारूनही घेतलं होतं.

"पण का?" मी विचारलं.

"जपानी माणसं काटेकोर असतात, नयना. आपण चप्पल चुकीच्या जागी काढणार, चुकीच्या दाराने गाडीत चढणार. इथे एवढी वर्षं एक चूक केली नाही, तरी घरी पाठवलं. तिथे चूक केल्यावर काय करतील?"

पण मला एवढं दिसत होतं की पप्पा या अवस्थेत थेट खेडला गेले, तर तिथेही एखादी बाल्कनी शोधतील आणि मग कधीच उठणार नाहीत. त्यांना काहीही करून त्या विमानात बसवायचं होतं. मी महिनाअखेरपर्यंत थांबायचं कबूल करून घेतलं आणि हायाशीबाईंना बोलावणं केलं.

हायाशीबाई मस्कतच्या मदिनत सुलतान काबूस वस्तीत राहायच्या. नवरा बंदराच्या कामावर इंजिनियर. त्या घरी जपानी भाषेचा वर्ग घ्यायच्या, तिथली मी विद्यार्थिनी. पन्नाशीच्या पुढच्या, अंगाने एवढ्याशा, आणि कधीही घाई नसलेल्या. "आमच्या घरी येऊन चहाचा विधी दाखवाल का? माझ्या वडिलांची भीती जाईल," असं मी म्हटलं. त्या लगेच हो म्हणाल्या.

आदल्या दिवशी मी तालमीची तालीम घेतली. चहाचा वाडगा दोन्ही हातांत धरायचा, थोडा फिरवायचा, मग प्यायचा. पप्पा स्टीलची वाटी घेऊन सतरंजीवर बसले.

"वाटी फिरवून चव बदलते का?" आईने विचारलं.

"चवीचा प्रश्न नाही, आई. आदर असतो तो."

"आदर असेल तर बिस्किट देतील ना."

शुक्रवारी हायाशीबाई आल्या. दारात त्या वाकल्या. पप्पा वाकले. पप्पा जास्त वाकले म्हणून त्या पुन्हा वाकल्या. त्या वाकल्या म्हणून पप्पा परत. मी मध्ये हात घातला नसता तर दोघं संध्याकाळपर्यंत कॉरिडॉरमध्ये राहिले असते. आत आल्यावर हायाशीबाईंनी बुद्धमूर्तीला आणि शेजारच्या बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडले, आणि आईने मला बाजूला घेऊन सांगितलं, "बाई चांगल्या घरची आहे."

चहा झाला. पप्पांनी वाडगा बरोबर फिरवला, पण जरा जास्तच जोरात, आणि हिरवे थेंब सतरंजीवर पडले. पप्पांचा चेहरा उतरला. हायाशीबाईंनी त्या थेंबांकडे पाहिलंही नाही. पप्पा चहा प्यायले, कडुलिंब प्यायल्यासारखे. "साखर विसरली वाटतं बिचारी," आई मराठीत म्हणाली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. मग त्या निघाल्या, आणि आईने त्यांना स्टीलच्या डब्यातून रव्याचे लाडू दिले.

वाचकहो, रासायनिक साखळी पाहायला प्रयोगशाळेत जायची गरज नाही. कोकणातला एक डबा आणि एक जपानी बाई पुरे.

तीन-चार दिवसांत डबा परत आला. धुतलेला, पुसलेला, आत लाल चवळीसारख्या दाण्यांची गोड मिठाई, आणि वरून निळ्या सुती फडक्यात सुबक गाठ मारून बांधलेला.

"बघ," आई म्हणाली, "डबा रिकामा पाठवला नाही. पण आता हे फडकं तिचं आपल्याकडे राहिलं."

"देऊन टाकू वर्गाला जाताना."

"नुसतं? फडकं?"

फडक्यात बांधून नारळाच्या वड्या गेल्या. जपानमध्ये भेटीला परतभेट द्यावीच लागते, हे मी वर्गात शिकले होते. आपल्याकडे भांडं रिकामं परत करत नाहीत, हे मी जन्मापासून जाणत होते. ही दोन वाक्यं मी कधी शेजारी शेजारी ठेवून पाहिली नव्हती. वड्यांच्या बदल्यात चहाचे दोन कप आले. कपांच्या बदल्यात कैरीच्या लोणच्याची बरणी गेली. बरणी परत येताना कागदी कंदिलाबरोबर आली. कंदिलाला साजेसं म्हणून आईने छोटा कुकर पाठवला.

"कुकर?" मी विचारलं.

"तिला भात लागतो की नाही?"

उत्तरादाखल भात शिजवायचं जपानी यंत्र आलं.

या सगळ्याची ने-आण पप्पा करत, दारातूनच द्यायचं-घ्यायचं, आत न जाता. सीबहून मदिनत सुलतान काबूस आणि परत, हायवेवर, शेजारच्या सीटवर काहीतरी नाजूक घेऊन. बाल्कनी सुटली, पण चेहरा तोच. "पूर्वी मी शहराला पाणी पुरवायचो," ते एकदा गाडीची किल्ली शोधताना म्हणाले, "आता लोणचं पुरवतो."

मी साखळी तोडायचं ठरवलं. आईला म्हटलं, "या वेळी रिकामं पाठव."

"रिकामं भांडं पाठवायला आपलं घर बुडालंय का?"

"बुडालंच आहे," पप्पा दारातून म्हणाले. आईने हायाशीबाईंना पाठवायचा मिक्सर पुसायला घेतला.

मग उन्हाळ्याच्या सुट्टीआधीच्या शेवटच्या वर्गानंतर मी हायाशीबाईंना गाठून म्हटलं, "कृपा करून आता काही पाठवू नका." त्या तोंडावर हात ठेवून हसल्या आणि म्हणाल्या, "तुमची आई फार विनयशील आहे." मी घरी येऊन आईला म्हटलं, "त्या म्हणतात, आता काही नको." आई म्हणाली, "चांगली माणसं नकोच म्हणतात." दोन्हीकडे नकार म्हणजे आग्रह करायला दिलेली परवानगी होती. मी दोघींना थांबायला सांगून दोघींचा वेग वाढवला.

पुढच्या आठवड्यात आमच्या दारात पिकअप उभा राहिला. त्यातून एक बुटकं लाकडी टेबल, जमिनीवर बसायच्या गाद्या आणि घडीचा पडदा उतरला. खालच्या मजल्यावरच्या रत्नागिरीच्या रुबिनाभाभी गॅलरीत येऊन बघत होत्या.

"काय लहूभाई, दुकान खोलताय काय?"

"नाही भाभी, बंद करतोय."

"बंद करताना माल आत जातो होय?"

पुढच्या महिनाअखेर फ्लॅट रिकामा हवा, असं अर्बाबने, म्हणजे घरमालकाने, सांगून ठेवलं होतं, आणि आम्हाला हॉलमधून स्वयंपाकघरात जायला आडवं चालावं लागत होतं.

तिकिटं परत करायचा शेवटचा दिवस उजाडला. पप्पा कपडे करून तयार झाले. "आज एजंटकडे जाऊन येतो," म्हणाले.

"आधी हे पोचवा," आई म्हणाली. दारात शिलाई मशीन होतं.

"अनुसया, हे तुझं मशीन आहे."

"टेबलाच्या बदल्यात दुसरं काय देऊ? लाडू?"

मशीन जड होतं, म्हणून मीही गेले. हायाशीबाईंनी दार उघडलं, आणि आम्ही मशीन धरून तसेच उभे राहिलो. आत काही नव्हतं. पडदे नाहीत, खुर्ची नाही, भिंतीवर तसबिरींच्या जागी फिकट चौकोन. एका कोपऱ्यात दोन बॅगा.

"माफ करा," त्या इंग्रजीत म्हणाल्या, "बसायला काही नाही. बसायचं सगळं तुमच्याकडे आहे."

आम्ही फरशीवर बसलो. त्यांच्या नवऱ्याचाही करार संपला होता. तो हिशेब मिटवून मागून जाणार, त्या आधी. त्यांनी खाली बघत सांगितलं, "घर आवरायचं होतं. वर्षानुवर्षांच्या वस्तू कचऱ्यात टाकवेनात. तुमच्या पत्नी प्रत्येक वेळी काहीतरी पाठवायच्या, म्हणून मला परत द्यायची संधी मिळायची. मी त्याचा फायदा घेतला."

"मग आमचा कुकर? मिक्सर?" मी विचारलं.

"आमच्या कामवाल्या बाईंना दिले. त्या फार खूश आहेत."

पप्पांनी रिकाम्या खोलीवरून नजर फिरवली. मग म्हणाले, "तुम्हाला बरं वाटत असेल. आपल्या घरी चाललात."

"मला भीती वाटते," त्या म्हणाल्या.

पप्पांनी मान वर केली.

"मी फार वर्षं बाहेर आहे. तिकिटाची यंत्रं बदलली, बोलायची पद्धत बदलली. मागच्या वेळी टोकियो स्टेशनवर मी तासभर बाहेर पडायची वाट शोधत होते. बहीण म्हणते, तू आता परदेशी माणसासारखी वाकतेस. परक्याची चूक लोक पोटात घालतात. माझी कोण घालेल?"

"खेडला मला पहिल्याच दिवशी विचारतील," पप्पा म्हणाले, "कायमचे आलात का?"

"काय सांगाल?"

"ठाऊक नाही."

"मलाही तेच विचारतील."

एसीही काढून नेलेला होता. दोघं घाम पुसत त्या उघड्या खोलीत बसून राहिले. मी शिलाई मशीनचं चाक उगाच फिरवत होते.

"तुमचं विमान कधीचं?" पप्पांनी विचारलं.

त्यांनी तारीख सांगितली. आमच्या तारखेपासून ती फार लांब नव्हती.

"बदलून घेता येईल का? माझ्याकडे तिकिटं आहेत. बायको बरोबर आहे. तुम्ही चुकलात तर आमच्याबरोबर आहात म्हणून सांगा. आम्ही परकेच आहोत."

हायाशीबाईंनी तोंडावर हात ठेवला. मला वाटलं हसतायत. नंतर कळलं, हसत नव्हत्या.

परत येताना एजंटचं दुकान हायवेवरून दिसलं. पप्पांनी गाडी हळू केली नाही. आनंद दिसायला नको म्हणून मी अक्कल पाजळली: "पप्पा, वस्तुमान अक्षय असतं. आपल्या वस्तू कमी झाल्याच नाहीत, नुसत्या जपानी झाल्या."

"तुझी आईपण घरच रिकामं करत होती," ते म्हणाले. "खेडला मिक्सर, मशीन कुठे नेणार? ती मला बोलली नाही. मीही विचारलं नाही."

घरी आईने सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाली, "तरी तिने आपल्यापेक्षा लवकर आवरलं."

आता तुमच्या लक्षात आलं असेल. माझ्या मात्र सामान भरताना लक्षात आलं. पुढच्या महिनाअखेर फ्लॅट रिकामा करून चाव्या द्यायच्या होत्या, आणि हॉलमध्ये हायाशीबाईंचं अख्खं घर मांडलेलं होतं. कोणीतरी मागे राहणं भाग होतं. आईपप्पांना वाट दाखवायला त्यांच्याबरोबर हायाशीबाई होत्या, हायाशीबाईंना धीर द्यायला आईपप्पा होते. कोण जास्तीचं आहे, हे काढायला एम.एस्सी. लागत नाही. माझं तिकीट रद्द झालं.

गेल्या आठवड्यात नाराहून पप्पांनी फोनवर आवाजात निरोप पाठवला, मागे घंटेचा नाद होता. "नयना, महाबुद्धासमोर एका म्हाताऱ्याने विचारलं, कुठून आलात. माझ्या तोंडून निघून गेलं, ओमानहून. तुझी आई म्हणाली, परवापर्यंतच. म्हातारा हसला, पण त्याला काही समजलं नसावं." आणि शेवटी: "उद्या टोकियो. हायाशीबाई आत्तापासून घाबरल्यात. मी म्हटलं, मी आहे ना." तो निरोप मी परत परत ऐकला.

आज सकाळी सीबच्या जुन्या बाजारातला यासिर, जुनं सामान घेणारा, टेबल बघायला आला. टेबलावरून हात फिरवला, पडदा उघडून पाहिला, गादीवर बसून पाहिलं. मोठ्या आदराने त्याने मला विचारलं, "मॅडम, हे सगळं स्वतः जाऊन आणलंत? कसा आहे जपान?"

"मी मदिनत सुलतान काबूसपर्यंतच पाहिलाय," मी म्हटलं, आणि टेबलाचं दुसरं टोक उचललं.