उम्म नवाराच्या हिरड्यांचे सार्वजनिक कार्य

हिरडी हा मानवी देहातला अत्यंत सोशिक अवयव असून, ती गरिबाच्या तोंडात आढळल्यास तिची जबाबदारी सर्वस्वी गरिबावर असते. कैरोतल्या इज्बत शल्बाया या वस्तीत 'निरोगी हास्य मोहीम' आली ती हेच शास्त्रीय सत्य घेऊन. पाहणीनुसार वस्तीतल्या दहापैकी नऊ जणांच्या हिरड्यांतून रक्त येत होते. (दहाव्याने तोंड उघडायला नकार दिला.) कारणही लगेच सापडले: लोक दात घासत नाहीत. नळाला करंगळीएवढी धार, तीही एक दिवसाआड, असे काहींनी निदर्शनास आणले. पण तो विषय पाणी खात्याचा, आणि हिरडी त्या खात्यात मोडत नाही.

उपाय म्हणून पोस्टर छापायचे ठरले. डावीकडे 'आधी', उजवीकडे 'नंतर'.

'आधी'साठी उम्म नवाराची एकमताने निवड झाली. ही, म्हणजे नवाराची आई, पुलाखाली वांगी तळून विकायची. बोलताना तिचा पुढचा दात आधी हलायचा, मग शब्द बाहेर यायचा. मोहिमेचे डॉक्टर लबीब तिच्या तोंडात टॉर्च मारून भारावले.

"बाई, अशा हिरड्या मी पुस्तकातसुद्धा पाहिल्या नाहीत."

"देवाची कृपा, डॉक्टर. पण हा दात तेवढा वाचवा. पोरीचं लग्न आलंय. आईनंच जगरूता घातला नाही तर लोक म्हणतील, हिला पोरगी जडच झाली होती."

जगरूता म्हणजे बायकांनी जीभ नाचवत काढायची आनंदाची लांब किलकारी. तिच्यावाचून लग्न कायद्याने होते, गल्लीला मान्य नसते.

डॉक्टरांनी मायेने समजावले. "तुम्हाला बरं केलं तर पोस्टर खोटं ठरेल. लोकांना फसवू का मी?"

"मग ते 'नंतर'चं चित्र?"

"त्याला दुसरी बाई बघतोय. धड दातांची."

उम्म नवाराने टॉर्चसमोर पुन्हा तोंड उघडून दिले. (प्रामाणिक माणसाशी वाद घालता येत नाही.) तिला एक ब्रश मात्र देण्यात आला, फोटोपुरता.

पोस्टर भिंतीभिंतीवर लागले. 'नंतर'च्या चौकटीत तूर्त 'लवकरच' असे छापले होते. शेजारीण तफीदा बातमी घेऊन आली.

"अगं, तुझे व्याही विचारत होते, भिंतीवरची ती बाई कोण म्हणून."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, सरकारात आहे."

मोहिमेच्या बैठका वस्तीतच भरत. पेल्यामागे चार चमचे साखर घातलेला चहा पिऊन समितीने साखरेचा निषेध केला, आणि ठराव लिहिण्यासाठी दुसरा पेला मागवला.

लग्नाच्या दिवशी उम्म नवाराने दाताखाली लवंग धरून दुपार ढकलली. वरात गल्लीत शिरली, बायका दृष्ट लागू नये म्हणून मीठ उधळू लागल्या, सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. तिने तोंडावरचा हात काढला आणि असा जगरूता घातला की वरच्या गॅलऱ्यांतली माणसे वाकून बघू लागली. दात त्यातच गेला. पडला तो थेट विहीणबाईंच्या पायाशी, मिठात.

विहीणबाईंनी तो उचलला, ओढणीने पुसला, तिच्या हातावर ठेवला. "ठेव बाई. माझी तर खालची अख्खी ओळ अशीच गेली," असे म्हणून त्यांनीही बोळक्या तोंडाने एक खणखणीत जगरूता घातला.

दुसऱ्या दिवशी उम्म नवारा गच्चीवर गेली. इथली मुले पडलेला दात सूर्याकडे भिरकावून नवा मागतात, तसा तिने भिरकावला. मोहिमेच्या अहवालात याची नोंद 'रुग्णास वरिष्ठांकडे पाठवले' अशी झाली.

डॉक्टर लबीब मात्र दुखावले. "निदान विचारायचं तरी. आता दात पोस्टरवर आहे आणि तोंडात नाही." सबब तिला 'आधी'च्या पदावरून मुक्त करण्यात आले आणि ती जागा अनुकंपा तत्त्वावर नवाराला मिळाली. नव्या नवरीच्या हिरड्या आशादायक आहेत.

'नंतर'ची जागा अजून भरायची आहे. दात शाबूत हवेत, आणि डावीकडच्या चित्राकडे पाहून उमेदवाराला मनापासून हसता आले पाहिजे. वाचकहो, पहिल्या ओळीपासून समिती तुमच्याकडेच बघते आहे. फोटोला कधी येताय?