नमुना क्रमांक सदतीस निघाला जळगावला

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी फ्रीज उघडला. नमुना क्रमांक सदतीस जागेवर नव्हता.

गेली तीन वर्षं मी गंगेच्या पाण्यातल्या जंतूंवर संशोधन करते आहे. कुठलं औषध कुठल्या जंतूला मारू शकत नाही, हा माझा विषय. आजवर एकही नमुना हरवला नाही, असं परवाच गाइडना छाती ठोकून सांगितलं होतं! आणि सदतीस म्हणजे नाल्याच्या तोंडाशी भरलेला, सगळ्यांत निगरगट्ट. गुरुवारी त्याच्याच जिवावर फेलोशिपची मुदत वाढणार होती. लॅबचा फ्रीज बिघडला, म्हणून फक्त एक रात्र तो दुर्गाघाटावर काकांकडे मुक्कामाला आणला.

"काकू, इथली बाटली?"

"ती होय! जळगावच्या यजमानांना, श्रीनिवासरावांना दिली."

ढुंढिराजकाका म्हणजे यात्रेकरूंचे उपाध्ये. काशी करून निघणारा यजमान त्यांच्याकडून गंगाजल घेऊनच जातो.

"आमच्या बोतली खतम झाल्या होत्या," काकू म्हणाली. "तुझी किती छान, सीलबंद! वर तारीखसुद्धा! शोधत बसले असते तर त्यांची पहाटेची गाडी छुटली असती ना."

बाटलीत नाल्याचं पाणी असल्याचं मी सांगितलं, तसा काकांनी कपाळाला हात लावला. "मालू, नाल्याचं नाव काढू नकोस. चार पिढ्यांचं घराणं आहे!"

मी श्रीनिवासरावांना फोन लावला.

"काका, ती बाटली उघडू नका!"

"छे हो ताई! मावंद्याआधी कोण उघडतंय? यात्रेचं जेवण गुरुवारी आहे. दोनशे पानं. सगळ्यांना तीर्थ!"

दोनशे!

"अहो, नाल्याचं पाणी आहे ते! त्यात जंतू आहेत! कुठल्याही औषधानं मरत नाहीत!"

श्रीनिवासराव अख्ख्या डब्याला सांगू लागले, "ऐकलंत? मरतच नाहीत म्हणे! काय हे सामर्थ्य!"

डब्यात गंगामाईचा जयजयकार झाला.

काकूनं फोन हिसकावला. "श्रीनिवासराव, मनावर नका घेऊ. पोरगी फार अभ्यास करते."

मग मी लेखी कळवलं: पिऊ नका, शिंपडू नका, बर्फात ठेवा, परत पाठवा.

अकरा चाळीसला सतन्याहून फोटो आला. बाटली बर्फाच्या डब्यात, गळ्यात झेंडूची माळ. खाली मजकूर: 'आत्तापर्यंत चौसष्ट जणांनी दर्शन घेतलं.'

सील शाबूत आहे का, असं मी विचारलं आहे. दोन निळ्या खुणा दिसताहेत. उत्तर नाही.